लहरींची प्रदक्षिणा

विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांची चरित्रे लिहिली जातात. त्यांना सांभाळणारे लहान भाग मात्र उपेक्षित राहतात. फेराइट सर्क्युलेटर हा असाच एक भाग. त्याचे काम मला देवळातल्या प्रदक्षिणेसारखे वाटते. त्याला दारे तीन. पहिल्या दाराने आलेली सूक्ष्मलहर, म्हणजे मायक्रोवेव्ह, दुसऱ्याने बाहेर पडते आणि दुसऱ्याने आलेली तिसऱ्याने. उलटी वाट नाही. त्यामुळे रडारच्या एकाच अँटेनाने पाठवणे आणि ऐकणे दोन्ही साधते, आणि परत फिरलेली शक्ती लहरी निर्माण करणाऱ्या महागड्या नळीवर आदळत नाही.

या एकेरी वाटेचे बीज १८४५ सालचे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून जाताना प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल वळते, हे मायकेल फॅरडे यांनी दाखवले. परतीच्या वाटेवर ते पूर्ववत होत नाही, आणखी त्याच बाजूला वळते. सूक्ष्मलहरींसाठी मात्र लोखंडासारखा चुंबकीय, तरीही वीज न वाहू देणारा पदार्थ हवा होता. कारण लोखंडात लहर शिरतच नाही. हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी विकसित केलेल्या फेराइटांनी ती अडचण दूर केली. लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेले हे जणू चिनी मातीचेच भांडे! १९५२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या होगन यांनी फॅरडेचा परिणाम सूक्ष्मलहरींत वापरून दाखवला. पुढे तीन फाट्यांच्या जोडावर फेराइटची चकती बसली. तिच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या लहरींचा वेग चुंबकामुळे वेगळा होतो; त्या एका दारी एकमेकींना बळ देतात, दुसऱ्या दारी एकमेकींना पुसून टाकतात.

खरी परीक्षा शक्ती वाढवल्यावर झाली. अपेक्षेपेक्षा फार कमी शक्तीवरच फेराइट ऊर्जा गिळू लागे. १९५० च्या दशकात हॅरी सूल यांनी त्याचा उलगडा केला: अणूंचे चुंबक एका मर्यादेपर्यंतच एका तालात डोलतात, पुढे ताल फुटतो आणि आत स्पिन-लहरी माजतात. म्हणजे दोष केवळ उष्णतेचा नव्हता. बारीक कणांचे फेराइट किंवा त्यात मिसळलेली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये ही मर्यादा वाढवतात. पण नेहमीची गळतीही थोडी वाढते.

उष्णतेचा प्रश्न उरतोच. तापलेल्या फेराइटचे चुंबकत्व घटते आणि प्रदक्षिणेचा हिशेब चुकतो. म्हणून त्याच्या पातळ फरशा पाण्याने थंड केलेल्या धातूवर चिकटवतात. शिवाय सगळी लहर परतली, तर काही ठिकाणी व्होल्टेज दुप्पट होते. तेथे चौपट शक्तीइतका ताण सोसावा लागतो.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ सारख्या त्वरणयंत्रांत इलेक्ट्रॉनांना रेडिओलहरींनी ऊर्जा मिळते. अशा ठिकाणी नाकारलेली शक्ती तिसऱ्या दाराने पाण्याने थंड ठेवलेल्या भारात जिरवतात. फॅरडेपासून होगनपर्यंत १०७ वर्षे गेली, ती मुख्यतः योग्य पदार्थ हाती नव्हता म्हणून. कल्पनेच्या इतिहासाइतकाच भट्टीचा आणि मातीचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे, असे मला वाटते ते यासाठीच.