निजामाची राजधानी, लोहमार्ग आणि जालन्याची बाजारपेठ : एक ऐतिहासिक अवलोकन

हैदराबाद संस्थानातील रेल्वेचा इतिहास बहुधा राजधानीच्या दृष्टिकोनातून लिहिला गेला आहे. वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि वाडी येथे जी. आय. पी. रेल्वेस मिळाल्याने हैदराबाद शहर थेट मुंबई बंदराशी जोडले गेले. पुढे १८८९ मध्ये हा मार्ग बेझवाड्यापर्यंत पोहोचला. सिंगारेणीचा कोळसाही त्याच जाळ्यात आला. १९०१ च्या जनगणनेत सुमारे साडेचार लाख लोकसंख्या असलेल्या या राजधानीच्या वाढीमागे लोहमार्गाचा वाटा मोठा होता, याविषयी दुमत नाही. तथापि त्याच संस्थानाच्या मराठी मुलखास रेल्वेने काय दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात जालन्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

जालना ही रेल्वेने निर्माण केलेली बाजारपेठ नव्हे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथील जुन्या व्यापारी वैभवाची साक्ष देते. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती व तिच्या गरजांवर पेठेचा बराच व्यवहार चाले. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील कापसाचे गिऱ्हाईक मात्र मुंबईत होते. सत्ता आग्नेयेस आणि बाजार पश्चिमेस, ही जालन्याची खरी भौगोलिक अडचण होय. त्यात संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे संस्थानी जकात, भरावी लागे.

मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. हाच काळ छप्पनच्या दुष्काळाचा होता. मार्ग जालन्यातून गेला आणि कापसाचे गठ्ठे बैलगाडीऐवजी वाघिणीतून जाऊ लागले. पुढे १९०३ मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले आणि छावणीचा जुना आधारही गेला. पेठ आता प्रामुख्याने रेल्वेवर विसंबली. पण हा मार्ग मीटरगेज होता. राजधानीस १,६७६ मिलिमीटरचा रुंद रूळ आणि मराठवाड्यास १,००० मिलिमीटरचा! कमी खर्चाचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे; परंतु त्याची किंमत व्यापाऱ्याने आणि अंतिमतः शेतकऱ्याने मोजली. जालन्याहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरील मनमाड येथे प्रत्येक गठ्ठा एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. हमाली, विलंब, नासधूस हे सारे भावातून वजा होई. या मुद्द्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढील स्थित्यंतरे राजकीय होती. निजाम स्टेट रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व जालन्याची राजधानी हैदराबादऐवजी मुंबई झाली. बाजार आणि सत्ता प्रथमच एका दिशेस आले. रूळ मात्र तेच राहिले. शिवाय १९६६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबाद येथेच असल्याने हा मार्ग प्रशासकीयदृष्ट्या पुन्हा जुन्या राजधानीकडे वळला. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, तरी मुख्यालय बदलले नाही.

जालना बियाणे उद्योगाचे केंद्र झाले ते याच मीटरगेजच्या काळात. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ची स्थापना १९६४ मध्ये केली. १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मनमाडकडील मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले, म्हणजे वाडी-सिकंदराबाद मार्गानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगारासारखा अवजड कच्चा माल लागतो. अशा उद्योगास वाहतूकखर्च हाच नफ्या-तोट्याचा निर्णायक घटक असतो. ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, तर जालन्यावरून जाणारा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्णपणे खुला झाला. जालना ज्यावर वसले आहे त्या छत्रपती संभाजीनगर-परभणी एकेरी लोहमार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती त्यानंतर, २०२५ च्या जुलैमध्ये.