बखर, शकावली आणि चॅटबॉट

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये लटकत असाल किंवा हॉस्टेलच्या गादीवर लोळत असाल, आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

सुरुवात घरातल्या गोष्टीने करते. माझी मावसबहीण बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय इतिहास. असाइनमेंट होती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादावर. रात्री अकराला तिने चॅटबॉटला विचारलं आणि पाच मिनिटांत चार पानं तयार! खाली पुस्तकांची नावं, पानांचे नंबरसुद्धा. तोंडी परीक्षेत सरांनी एवढंच विचारलं, "हे पान दाखव बरं." लायब्ररीत पुस्तक होतं, पण त्या पानावर भलताच विषय होता. घरी येऊन रडत म्हणाली, "ताई, मी काही चोरलं नाही गं. मला खरंच वाटलं ते बरोबर असेल."

माझा तिच्यावर विश्वास आहे. पण गंमत बघा, तिला मिळालेल्या विषयातच तिच्या चुकीचं उत्तर लपलेलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक लोक महाराजांचा जन्म 1627 सालच्या वैशाखातला मानत. कशावरून? बखरींवरून. मल्हार रामराव चिटणीसांची बखर घ्या. ती लिहिली गेली महाराजांच्या निधनानंतर शंभरहून जास्त वर्षांनी. बखरकार मुद्दाम खोटं लिहीत नव्हते. ऐकलेलं, आठवलेलं, आधीच्यांनी लिहिलेलं ते छान ओघवत्या भाषेत मांडायचे. वाचताना शंका येतच नाही. आणि एकाने लिहिलं की पुढचे तेच उचलतात. दहा ठिकाणी सापडलं म्हणजे खरंच असणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते एकच विधान दहा वेळा उतरवलेलं असतं.

मग आली जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातलं हे टिपण लोकमान्य टिळकांनी मिळवलं आणि ते 1916 मध्ये प्रसिद्ध झालं. वाचायला अगदी कोरडं. तिथी, वार, घटना, संपलं. पण त्यात जन्मतिथी होती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630.

म्हणून लगेच सगळ्यांनी मान्य केलं का? छे! अभ्यासकांनी ती तिथी इतर साधनांशी ताडून पाहिली. महाराजांच्या काळातच रचलेल्या, कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'तही शके 1551च निघालं. राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीनेही दुजोरा दिला. वाद चालत राहिला आणि महाराष्ट्र सरकारने 19 फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती 2001 मध्ये.

हा आग्रह आला कुठून? यात मोठा वाटा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद बघा, हे त्यांचं म्हणणं. गावोगाव फिरून, वाड्यांमधली जुनी दप्तरं उघडून त्यांनी कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये आला आणि पुढे एकूण 22 खंड झाले. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही याच ध्यासातून.

आता चॅटबॉटकडे या. तो आजचा बखरकार आहे. आधीच्या असंख्य मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल, हे तो ठरवतो. भाषा झकास, आत्मविश्वास भरपूर. पण निदान बखरकाराचं नाव आपल्याला माहीत असतं, तो कधी आणि कोणासाठी लिहीत होता ते तपासता येतं. बॉटच्या उत्तरामागचा कागद बरेचदा दिसतच नाही, आणि कधीकधी तो कागद अस्तित्वातच नसतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर केले. त्यातल्या एकाने बॉटलाच विचारलं होतं, हे निवाडे खरे आहेत ना? बॉट म्हणाला, हो! दंड झाला 5000 डॉलर. साक्षीदारालाच न्यायाधीश केल्यावर दुसरं काय होणार?

मग वापरायचाच नाही का? वापरा की! अवघड उतारा समजून घ्यायला, कोणते प्रश्न विचारावेत हे सुचायला, आपण लिहिलेल्या मजकुरातल्या त्रुटी शोधायला तो चांगला सोबती आहे. फक्त तीन गोष्टी पाळा. जे पुस्तक स्वतः उघडलं नाही, त्याचा संदर्भ देऊ नका. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहा, कारण तोंडी परीक्षेला तुम्ही बसणार आहात, बॉट नाही. आणि कॉलेजचा नियम काय आहे ते आधी विचारा. परवानगी असेल तर कुठे मदत घेतली ते शेवटी दोन ओळींत सांगून टाका. त्यात कमीपणा कसला?

बहिणीला सरांनी पुन्हा लिहायची संधी दिली. या वेळी ती दोन दिवस लायब्ररीत बसली. चाराऐवजी दीडच पान झालं. पण फोन करून म्हणाली, "ताई, आता कुठलंही पान दाखव म्हणू देत."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं तपासत राहा. माझंसुद्धा!