तीन विषयांचा सामीलनामा

मध्यवर्ती सरकारच्या सत्तेला मर्यादा कोठे असावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा राज्यघटनेतील विषयसूच्यांपासून सुरू होते. आम्ही ती थोडी मागून, १९४७ च्या ऑगस्टपासून, सुरू करू इच्छितो. ग्वाल्हेर-इंदूरच्या ज्या भूमीत मराठी वस्ती दोन शतकांहून अधिक काळ नांदत आली, तेथे ही मर्यादा एकदा अगदी स्पष्ट शब्दांत लिहिली गेली होती; आणि पावणेतीन वर्षांच्या आत ती पुसलीही गेली.

संस्थानिकांनी सह्या केलेल्या सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय केंद्राकडे दिले होते. भावी राज्यघटना स्वीकारण्याचे बंधन संस्थानिकावर नाही, असे त्याचे सातवे कलम सांगत होते. आठवे कलम त्याचे सार्वभौमत्व अबाधित राखीत होते. इतके आटोपशीर केंद्र त्या वेळी कोणास विचित्र वाटले नसावे, कारण १९४६ च्या त्रिमंत्री योजनेत साऱ्या हिंदुस्थानासाठी जवळजवळ असेच केंद्र कल्पिले होते. पुढे फाळणी ठरली, आणि नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रांतांसाठी प्रबळ केंद्राची शिफारस केली. संस्थानांचे तीन विषय मात्र कागदावर तसेच राहिले.

ते गेले कसे, हे पाहण्यासारखे आहे. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. त्याच वर्षी संघांच्या राजप्रमुखांनी नवे सामीलनामे लिहून दिले व करआकारणी वगळता केंद्राच्या आणि समवर्ती सूचीतील सर्व विषय सोपविले. करांचा प्रश्न व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीकडे गेला. हे गृहस्थ १९२७ पासून १९४४ पर्यंत बडोद्याचे दिवाण होते. संस्थानी तिजोरीची नाडी त्यांच्याइतकी ओळखणारा दुसरा कोण मिळणार? १ एप्रिल १९५० पासून प्राप्तिकर, रेल्वे, टपाल ही खाती केंद्राकडे गेली. ग्वाल्हेरची छोटी रेल्वे गेली, ग्वाल्हेरचे नाव छापलेली टपालाची तिकिटेही गेली. तत्पूर्वी, १९४९ च्या नोव्हेंबरात, राजप्रमुखांनी उद्घोषणा काढून नवी राज्यघटना स्वीकारली होती.

यात एकही कलम मोडले गेले नाही. प्रत्येक पायरीवर सही आहे, आणि ती ज्याची मर्यादा होती त्याचीच आहे. त्या मर्यादेसाठी प्रजेने हळहळ व्यक्त केली नाही, याचे आम्हांस नवल वाटत नाही. ती राजाची मर्यादा होती, प्रजेची नव्हे. संस्थानी प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांना केंद्र हाच दरबाराविरुद्धचा आधार वाटत असे. राजाला बदल्यात तनखा मिळाला : ग्वाल्हेरला सालीना २५ लक्ष, इंदूरला १५ लक्ष. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तोही संपला.

तथापि येथे थांबणे आम्हांस पटत नाही. राजे गेले, १९५२ साली निवडून आलेली विधानसभा आली; तरी मध्यभारतावर मुंबईहून अधिक बंधन होते. मूळ घटनेच्या ३७१ व्या कलमाने ‘ब’ वर्गातील राज्ये दहा वर्षांसाठी राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेवली होती. राज्याच्या अस्तित्वाविषयी तिसरे कलम त्याहून कठोर आहे. सीमा बदलताना, किंवा राज्यच नाहीसे करताना, विधानसभेचे मत मागवावयाचे. संमती आवश्यक नाही. १९५५ च्या पाचव्या दुरुस्तीने त्या मतालाही मुदत घालून देण्याची सोय केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत संपले; राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला. नव्या राज्याने काही गैरसोयी दूर केल्या असतील. आमचा प्रश्न सोयीचा नाही; सही कोणाची लागावी, एवढाच आहे. हैदराबादच्या वाचकांना तो अधिक जवळून ठाऊक आहे : आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विभाजनाचे विधेयक फेटाळले, संसदेने फेब्रुवारीत ते संमत केले, आणि २ जूनला तेलंगण अस्तित्वात आले.