कोल्हापूर पद्धतीचा बंधारा
नदी कायमची न अडवता पाणी अडवणारी रचना. पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभारतात. त्यांच्या खाचांत पावसाळा ओसरल्यावर फळ्यांच्या दोन रांगा बसवून मधे माती ठासतात. पहिल्या पावसाआधी फळ्या काढल्या की पूर आणि गाळ सरळ पुढे जातो. धरणांना छळणारा गाळ इथे फारसा साचत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधारा प्रसिद्ध आहे. शिरूर-दौंडच्या सीमेवर, मांडवगण फराट्याच्या परिसरात, भीमेवरही असे बंधारे आहेत. तिथल्या उसाला त्यांचा आधार. वरून रस्ता जात असल्याने पुलाचेही काम होते. पुढे लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी ढापे आले. ते गंजतात, गळतात आणि (भंगाराला भाव असल्याने) चोरीलाही जातात.