दोन फुटी टाकीतला शेजार

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘हा मासा शांत आहे का?’ असे विचारले की हो किंवा नाही असे सरळ उत्तर मिळते आणि त्यावर विसंबून गिऱ्हाईक पैसे मोजते. प्रश्नच अपुरा असल्याने उत्तरही अपुरेच असते. शांतपणा हा खवल्यांच्या रंगासारखा माशाच्या अंगाला चिकटलेला गुण नव्हे. कोणाशी शांत, किती जागेत, आधी आलेला की मागाहून आलेला, एकटा की जोडीने, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. ज्या क्लाउनफिशची शांत म्हणून सर्रास शिफारस होते, त्याची जमलेली जोडी आपल्याच जातीच्या तिसऱ्या माशाला कोपऱ्यात दामटून मारू शकते. ज्याच्या नावाने सगळे बोटे मोडतात तो डॉटीबॅक मोठ्या टाकीत, दांडग्यांच्या संगतीत, बऱ्यापैकी मर्यादेत राहतो. म्हणून जातींची यादी पाठ करण्यापेक्षा माशामाशांतले भांडण कशावरून पेटते याची फोड करणे अधिक उपयोगाचे.

विवेचनासाठी एक ठरावीक टाकी धरू: लांबी 60, रुंदी 30, उंची 40 सेंटिमीटर. कागदावर ही 72 लिटरची. वरची पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली, खाली वाळू पसरली, सहा-सात किलो दगड रचला की प्रत्यक्ष पाणी उरते साधारण 55 लिटर. गप्पी किंवा टेट्रा पाळणाऱ्याला एवढ्या पाण्यात डझनभर मासे दिसू लागतात. खाऱ्या पाण्यात तो हिशेब चालत नाही आणि त्याचे कारण आधी रसायनात आहे, स्वभाव नंतर. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. सामू 7 च्या आसपास असेल तर त्यातला बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात, तुलनेने निरुपद्रवी राहतो. सामू एका अंकाने चढला की विषारी मुक्त अमोनिया जवळजवळ दहापट होतो, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू 8.1 ते 8.4 असतो. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्याच्या मानाने साधारण पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो. अमोनियाचे नायट्रेटपर्यंत रूपांतर करणारे जिवाणू दगडावर आणि फिल्टरात नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते बसल्यावरही या टाकीला पूर्ण वाढीचे चार, फार तर पाच छोटे मासे पेलतात. निवड एवढ्यातच करायची.

भांडणाचे पहिले कारण भूक. त्याला भांडण म्हणणेही फारसे बरोबर नाही. तोंडात मावेल ते खायचे, एवढाच लायनफिशचा किंवा ग्रूपरचा नियम. त्यात रागलोभ नसतो. असे मासे या आकाराच्या टाकीत मुळात बसतच नाहीत, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडून देता येतो. दुसरे कारण मात्र सगळ्या विषयाचे मूळ आहे.

कॉनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने 1963 साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात माणसांपासून होत नाही, फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळी माशांपासून होते. त्याचे निरीक्षण असे, की भडक रंगांचे मासे परक्या जातीच्या माशाला शेजारून बिनदिक्कत जाऊ देतात, पण स्वतःच्या जातीचा दिसला की तुटून पडतात. भडक रंग म्हणजे हद्दीची पाटी, असा त्याने अर्थ लावला. नंतरच्या अभ्यासकांनी या मताला बरीच मुरड घातली. काही डॅमसेल मासे दगडावर शेवाळाची बाग राखतात आणि शेवाळ खाणाऱ्या कोणालाही, तो कुठल्याही जातीचा असो, हाकलतात. म्हणजे वैरी दोन प्रकारचा: आपल्यासारखा दिसणारा आणि आपले खाणारा. दोन्ही प्रकारांचे मूळ एकच, एकाच वस्तूवर दोघांचा दावा. समुद्रात हरलेला पळून जातो आणि गोष्ट मिटते. दोन फुटांच्या काचेत पळून जायला जागा नसते, म्हणून तिथली हुसकावणी इथे खून ठरते.

यावरून एक सोपी रीत निघते. टाकीत येणाऱ्या प्रत्येक माशाचा आकार-रंग वेगळा हवा, राहण्याची पातळी वेगळी हवी, आणि शक्यतो खाण्याची सवयही वेगळी हवी. आता ही रीत एकेका माशावर लावून पाहू.

आधी क्लाउनफिश, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. ऑसेलॅरिस आणि पर्क्युला या दोन जाती छोट्या टाकीला चालतात. मरून आणि टोमॅटो क्लाउन त्यांच्याच गोतातले, पण मरूनची प्रौढ मादी अख्ख्या टाकीवर मालकी सांगते, तेव्हा ते नकोत. खरेतर क्लाउनफिश हे डॅमसेलच्याच कुळातले. तापट घराण्यातली सौम्य शाखा म्हणा. यांचे सगळे पिल्लू मासे नर होऊ शकतील असे असतात. गटात जो सर्वांत मोठा तो मादी होतो, दुसरा तिचा नर, बाकीचे रांगेत थांबतात. मादी मेली की नर मादी होतो आणि तिसऱ्याला बढती मिळते. पापुआ न्यू गिनीतल्या मदांगच्या खाजणात पर्क्युलावर काम करून पीटर बस्टन यांनी 2003 मध्ये दाखवले, की रांगेतला प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहान राहावा अशी स्वतःची वाढ रोखून धरतो. बरोबरीला आला तर हकालपट्टी, हे त्याला ठाऊक असल्यासारखे तो वागतो. हा पाळणाऱ्याच्या थेट कामाचा शोध आहे. दुकानात एकसारखे दिसणारे दोन मासे ‘छान जोडी दिसेल’ म्हणून उचलू नयेत. एक ठळक मोठा, एक ठळक लहान घ्यावा, दोघेही कोवळे असावेत. घरी आणल्यावर लहानगा मोठ्यापुढे कुशीवर झुकतो आणि अंग थरथरवतो. नवख्याला वाटते मासा आजारी पडला किंवा झटका आला. ती शरणागतीची खूण आहे. ती दिसली की जोडी जमण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. तिसरा क्लाउन मात्र नको. समुद्रात तो रांगेत थांबतो, इथे रांग लावायला जागा नाही. आणि या जोडीला समुद्रफूल लागतेच असेही नाही. छोट्या टाकीत ते भटकून पंपात अडकले तर सगळे पाणी नासवते.

क्लाउन वरच्या आणि मधल्या पाण्यात राहिले, आता तळ मोकळा आहे. तिथे पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी ही जोडगोळी ठेवावी. माझ्या मते छोट्या टाकीत यांच्यापेक्षा पाहण्यासारखे दुसरे काही नाही. कोळंबी वाळूत बीळ खणते, पण तिला जवळजवळ दिसत नाही. गोबीला दिसते, पण खणता येत नाही. बुलडोझरसारखी वाळू पुढे ढकलत कोळंबी बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटीचा हलका झटका देतो आणि कोळंबी तत्काळ आत सरकते. फारच झाले तर गोबीही तिच्या मागोमाग डोक्याकडून बिळात शिरतो. हा गोबी दिवसभर बिळाच्या दाराशी बसतो, समोर वाहत आलेले खातो, वरच्या माशांच्या वाटेला जात नाही. दुसरा तसाच गोबी आणला तर मात्र जबडे पसरून दोघे भिडतात. जोडगोळीसाठी व्यवस्था एकच: दगड थेट काचेच्या तळावर टेकवावेत आणि वाळू नंतर ओतावी. वाळूवर रचलेला दगड कोळंबीच्या खणण्याने खचतो आणि खालचा जीव चिरडतो.

तळ झाला, आता दगडाच्या कपारी. तिथे रॉयल ग्रामा किंवा फायरफिश, दोहोंपैकी एक. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा आणि मागे पिवळा, वाढून आठेक सेंटिमीटर. कपारीत उलटा लटकून राहतो. कोणी जवळ आले तर तोंड आ वासून धमकावतो, पण चावा घ्यायच्या फंदात सहसा पडत नाही. याच्याच रंगाचा आणखी एक मासा बाजारात असतो, रॉयल डॉटीबॅक. तो पश्चिम पॅसिफिकमधला, वेगळ्या कुळातला. दोघांची समुद्रात कधी गाठ पडत नाही, पण काचेआड पडली तर डॉटीबॅक ग्रामाचा पाठलाग करून जीव घेतो. घेताना फसगत टाळायची खूण सोपी आहे. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू विरतो आणि पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. डॉटीबॅकवर जांभळे आणि पिवळे कात्रीने कापल्यासारखे तुटक असतात.

फायरफिश या सगळ्यांत भित्रा. पाठीवरचा लांब काटा खालीवर करत तो बिळावर तरंगत राहतो आणि सावली हलली की गुडुप. त्याच्या बाबतीत जोखीम उलटी आहे: तो कोणाला मारत नाही, घाबरून टाकीबाहेर उडी मारतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. टाकीवर बारीक जाळीचे झाकण नसेल तर हा मासा घेऊच नये. दोन फायरफिश एकमेकांना सहन करतील हेही जमलेली जोडी असेल तरच.

चौथी जागा मोकळी ठेवली तरी बिघडत नाही. भरायचीच असेल तर एकटा बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच सापडणाऱ्या या माशाचे शास्त्रीय वर्णन 1933 साली झाले. नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, म्हणून त्याचा प्रदेश एवढुसा राहिला. शोभेच्या बाजारासाठी झालेल्या पकडीमुळे 2007 पासून तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे; घ्यायचा तर हॅचरीत वाढवलेलाच घ्यावा. चार-पाच पिल्लांचा थवा ठेवण्याचा मोह होतो, पण ती मोठी झाली की नर नरांना संपवतात आणि शेवटी दोन उरतात. हिरव्या क्रोमिसचेही तसेच. ‘थव्याने राहणारा शांत मासा’ म्हणून पाच-सहा विकले जातात आणि काही महिन्यांत एकेक करून कमी होतात. मोठ्या थव्यात वरच्यांचा जाच अनेकांत वाटला जातो. पाचांत तो सगळा सर्वांत खालच्यावर येतो. तो मेला की त्याच्या वरच्याची पाळी.

काही मासे शांत असूनही बाद होतात, आणि इथे दुकानदाराचे ‘हो’ सर्वांत घातक ठरते. मँडरिन मासा कोणाला धक्काही लावत नाही, पण दिवसभर दगडावरचे सूक्ष्म कोपेपॉड वेचून जगतो. 55 लिटर पाण्यात ते त्याला पुरत नाहीत आणि रंग तसाच झगमगत असताना तो हळूहळू उपाशी मरतो. ब्लू टँग लहानपणी रुपयाएवढा, वाढून फूटभर. सिक्सलाइन रास बोटाएवढाच, पण एकदा स्थिरावला की मागून येणाऱ्या प्रत्येकाचा छळ मांडतो. समुद्रघोड्याचा प्रश्न तर आपल्याकडे उद्भवतच नाही: 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. प्रवाळालाही तेच लागू, त्यामुळे मालवणहून ‘आठवण’ म्हणून उचललेला पोवळ्याचा तुकडा टाकीत टाकणे हा शौक नसून गुन्हा आहे. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड जिवाणूंना तितकाच चालतो. क्लाउनफिशबाबत मात्र चोखंदळ राहणे आता सोपे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. दर्यातून पकडलेल्यापेक्षा हॅचरीतला मासा गोठवलेले आणि कोरडे खाणे पहिल्या दिवसापासून घेतो, आणि भरल्या पोटी माशाची कुरबूरही कमी असते.

दुकानात पैसे देण्याआधी माशाला समोर खायला घालायला सांगावे. खात नसेल, कल्ले भराभर हलत असतील किंवा पर फाटलेले असतील तर परत फिरावे. घरी आणल्यावर चारेक आठवडे वेगळ्या डब्यात ठेवणे कंटाळवाणे खरे, पण क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके एकदा मुख्य टाकीत शिरले की शांत-भांडखोर सगळे सारख्याच वेगाने आजारी पडतात.

आणण्याचा क्रम निवडीइतकाच महत्त्वाचा. भित्रे आधी, हद्द सांगणारा शेवटी. आपल्या टाकीत आधी गोबी-कोळंबी, मग फायरफिश किंवा ग्रामा, मग कार्डिनल, आणि सर्वांत शेवटी क्लाउनची जोडी, दोन्ही मासे एकाच दिवशी. प्रत्येक भरतीनंतर दोन-तीन आठवडे थांबावे, म्हणजे जिवाणूंना वाढलेल्या अमोनियाशी जुळवून घेता येते. जुना मासा नव्यावर धावत असेल तर दगडांची रचना बदलावी. हद्दीच्या खुणा पुसल्या की दोघेही नवखे ठरतात. काचेला बाहेरून आरसा टेकवला तरी काही दिवस तो प्रतिबिंबाशी भांडतो आणि तेवढ्यात नवा रुळतो.

आपल्या हवेचा एक मुद्दा परदेशी पुस्तकांत येत नाही. या माशांना 24 ते 27 अंश सेल्सिअस पाणी मानवते. मे महिन्यात बंद खोलीतली टाकी 31-32 वर सहज जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखी घटतो, मासे वर येऊन धापा टाकतात आणि एरवी निमूट राहणारेही एकमेकांच्या अंगावर जातात. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमटपणात बाष्पीभवनच मंद, तिथे चिलरचा खर्च आधीच धरावा. बाष्पीभवनाने नुसते पाणी उडते, मीठ राहते. म्हणून घट भरून काढताना आरओचे बिनखारे पाणी घालावे, क्षारता लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास ठेवावी. चौपाटीवरून कॅन भरून आणलेले पाणी टाळावे: एरवी त्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात क्षारता उतरलेली असते. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. पंप थांबला की काही तासांत प्राणवायू संपत येतो, आणि पहिला फटका सर्वांत मोठ्या माशाला, म्हणजे बहुधा क्लाउनच्या मादीला बसतो. ती गेली तर उरलेला नर मादी होऊ लागतो. त्याच्यासाठी नवा जोडीदार आणायचा तो त्याच्यापेक्षा स्पष्ट लहानच असावा.