विद्यापीठातील तालीमघर

मराठी नट घडविण्याची जबाबदारी विद्यापीठाने फार उशिरा स्वीकारली. संगीत नाटकाच्या काळात नाटकमंडळी हीच नटाची शाळा होती. मुलगा लहानपणी तिच्यात दाखल होई आणि तालीममास्तरांच्या धाकात उच्चार, गाणे आणि रंगभूमीवरचे साधे उभे राहणेही शिकत असे. मंडळ्या मोडल्या तेव्हा हे काम स्पर्धांकडे आले. १९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, १९६३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि मराठी रंगभूमीच्या पुढच्या कित्येक पिढ्या या मांडवाखालून गेल्या. स्पर्धेने शिस्त दिली, चुरस दिली. मात्र स्पर्धेतली तालीम सारी निकालाच्या दिवसाकडे डोळे लावून चालते. तेथे फसण्याला जागा नसते. फसण्याची मुभा असलेली, फसल्यावर का फसले हे विचारणारी जागा मराठी नटाला हवी होती, आणि ती विद्यापीठाशिवाय दुसरे कोण देणार?

मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने कमलाकर सोनटक्के यांच्या काळात हे काम पुण्याच्या आधीच आरंभिले होते. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ मध्ये स्थापन झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य या तीन कला येथे एका छपराखाली आल्या. पण त्यांचा संसार सारखा नव्हता. संगीत-नृत्याला गुरुशिष्यपरंपरेचा आधार होता. नृत्याच्या बाजूला रोहिणी भाटे यांच्यासारख्या गुरू लाभल्या. नाटकाला घराणे नव्हते. त्याला अभ्यासक्रम रचावा लागला, आणि अभ्यासक्रमाबरोबर परीक्षा व गुणपत्रिकाही आली. अभिनयाला शंभरापैकी किती गुण द्यावेत, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटतो खरा. परंतु विद्यार्थ्याने केलेला प्रयोग हे त्याचे उत्तरपत्र आहे, ही कल्पना त्यातूनच रुजली. तिचे महत्त्व पुढे कळणार होते.

१९९६ ते २००९ या काळात केंद्राचे संचालकपद सतीश आळेकर यांच्याकडे होते. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकविणारा, ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ लिहिणारा हा नाटककार ज्या परंपरेतून आला तिचा आरंभच एका बंद पाडलेल्या नाटकात आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये रंगभूमीवर आणले आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबविले. जब्बार पटेल, आळेकर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. १९७३ मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली आणि तिने हे नाटक पुन्हा उभे केले. त्या मंडळींना कुणाची पदवी नको होती, म्हणून त्यांना बाहेर पडता आले.

तमिळ रंगभूमीचा प्रवास याच्याशी आश्चर्य वाटावे इतका जुळतो. चेन्नईत न. मुत्तुस्वामी यांनी १९७७ मध्ये ‘कूत्तुप्पट्टरै’ स्थापन केली. तेरुक्कूत्तूच्या आधाराने नट घडविणारी ही शाळा विद्यापीठाबाहेरच वाढली. पुढे पुदुच्चेरी विद्यापीठाने शंकरदास स्वामिगळ यांच्या नावाने प्रयोगकलांचे विद्यालय काढले आणि त्याच्या उभारणीचे काम इंदिरा पार्थसारथी यांच्याकडे सोपविले. ‘औरंगजेब’ आणि ‘नंदन कदै’ यांचा हा कर्ता दिल्ली व वॉर्सा येथे अध्यापन करून आलेला. नाटककाराने प्राध्यापकी पत्करायची आणि रंगभूमीला विद्यापीठात आणायचे, हा क्रम दोन्ही भाषांत घडला. नाटककाराला कार्यालयीन कागदपत्रांत अडकविण्याची ही किंमत थोडी नव्हे; आळेकरांची गाजलेली बहुतेक नाटके संचालकपदाच्या आधीची आहेत, एवढे नोंदवून पुढे जावे.

दोन्ही विभागांवर प्रसंगही एकाच वर्षी आला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्याच्या केंद्रात विद्यार्थ्यांनी रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील गोष्टींवर एक प्रयोग केला. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेऊन तो बंद पाडला. धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली. न्यायालयाने त्यांना जामीन दिला. केंद्राच्या आवारात तोडफोडही झाली. त्याच वर्षीच्या मार्चअखेर पुदुच्चेरीच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या ‘सोमयानम्’ या रामायणाधारित नाटकावरून असाच निषेध झाला आणि तेथेही चौकशी सुरू झाली.

श्रद्धा दुखावल्याची तक्रार खोटीच असते असे मानण्याचे कारण नाही. रामकथा ही कोट्यवधींची ठेव आहे, आणि वीस वर्षांच्या मुलाचा विनोद नेहमी तोलूनमापून केलेला असतो असेही नाही. सीतेचे सोंग उतरविल्यावर बिडी ओढणारा नट खेड्यापाड्यांतील प्रेक्षकाला नवा नव्हता. तथापि तो प्रेक्षक त्या नटाला ओळखत होता, त्याच्या गावचा होता. विद्यापीठातला प्रेक्षक तसा नसतो. प्रयोग कच्चा असेल, तर तो कच्चा आहे हे सांगण्यासाठीच परीक्षक बसलेले असतात. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे जाते. तालीमघरातील उत्तरपत्र मात्र शिक्षकापुढे जाते, आणि हा भेद कुणी पुसला तर विभागाला उरते ते केवळ वेळापत्रक. २०२४ मध्ये नेमका हाच भेद पुसला गेला. उत्तरपत्रावरून विद्यार्थी पोलिसांच्या ताब्यात गेला.

‘घाशीराम’च्या मंडळींप्रमाणे या विद्यार्थ्यांना बाहेर पडून नवी संस्था काढण्याची सोय नव्हती. त्यांचे सत्र संपायचे होते, आणि गुणपत्रिका विद्यापीठाकडे होती.