स्प्रिंग काढली, स्प्रिंग परत आली

इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो कॅम, पण बंद करते ती स्प्रिंग. आरपीएम फार चढले की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि कधीकधी पिस्टनच त्यावर आदळतो. मग टाका की कडक स्प्रिंग! पण तिचा भार कॅमवर येतो, कॅम लवकर झिजतो. त्यात जास्त लिफ्टचा कॅम घातला आणि बसवायची उंची न मोजता स्प्रिंग टाकली, तर वेढ्याला वेढा भिडतो. मग काहीतरी मोडणारच.

मर्सिडीजने १९५४ मध्ये ही कटकटच मिटवली, स्प्रिंगच काढून टाकली! डब्ल्यू १९६ या रेसकारमध्ये व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम, मिटवायला दुसरा. फ्रान्समध्ये रीम्सला पहिल्याच शर्यतीत फांजिओ पहिला, क्लिंग दुसरा. १९५६ मध्ये डुकाटीच्या फाबिओ तालिओनीने हेच मोटरसायकलवर आणलं. भारी प्रकार, पण प्रत्येक व्हॉल्व्हची दोन-दोन क्लिअरन्स जुळवायची म्हणजे मेकॅनिकचा दिवस गेलाच. १९८६ मध्ये रेनोने तर फॉर्म्युला वनमध्ये तारेच्या जागी दाबाखालचा वायू वापरला.

आणि डुकाटी? २०२० मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही४ साठी त्यांनी परत स्प्रिंग घेतली. व्हॉल्व्ह क्लिअरन्सची तपासणी आता थेट ६०,००० किलोमीटरला.